पत्र्याच्या गॅरेजमधल्या वर्कशॉपला स्प्लिट एसी बसवायचाय, दीड टन पुरेल का?

भुसाप्रेमी_सांगली

नमस्कार मंडळी. विश्रामबागला घर आहे, घराला लागून गाडीसाठी गॅरेज काढलेलं, पण गाडी आता कायम रस्त्यावर आणि आत माझं सुतारकाम. साधारण १० बाय १८ फूट, उंची ९ फूट, तीन बाजूंनी विटांची भिंत, वर पत्रा, पुढं शटर आणि ते नेमकं पश्चिमेला. नोकरी कुपवाड एमआयडीसीत, त्यामुळं काम संध्याकाळी नाहीतर रविवारी. एप्रिल-मे मध्ये सहा वाजता शटर वर केलं तरी आत पाय ठेववत नाही राव, फेविकॉल लावून दुसरी फळी उचलेपर्यंत पहिल्या फळीवरच्याला साय धरलेली असते, आणि रंधा मारताना घाम टपटप सागवानावर.

आत २ एचपीचा टेबल सॉ आहे, एक छोटा लेथ आणि २ एचपीचाच डस्ट कलेक्टर (भुसा ओढून घेणारं मशीन), त्याची हवा पाईपनं मागच्या बाजूला बाहेर सोडलीय.

आता एसी घ्यायचं ठरवलंय (घरच्यांचं म्हणणं, हॉलला एसी नाही आणि भुशाला एसी, ते सोडा). दुकानदार म्हणतो १८० स्क्वेअर फूट म्हणजे दीड टन, दुसरा म्हणतो पत्रा आहे तर दोन टन घ्या. आउटडोअर कुठं लावू, भुशानं एसीची वाट लागते का, आणि यूट्यूबवर अमेरिकेतले लोक गॅरेजला स्वतःच एसी बसवतात, गॅस भरलेल्या पाईपा नुसत्या जोडायच्या आणि चालू, तसं आपल्याकडं जमेल का? हात चालतो माझा, ड्रिल-ग्राइंडर सगळं आहे.

कूलरच_भारी

भावा कशाला एवढा खर्च, मोठा डेझर्ट कूलर खिडकीला लाव की, आपल्याकडं एप्रिलात हवा कोरडी असते, मस्त चालतो. बिल पण कमी.

मिरज_जंक्शन

कूलर माणसाला ठीक आहे ओ, लाकडाला नाही. दिवसभर ओली हवा मारणार, मग फळी फुगणार, टेबल सॉचा बीडाचा टॉप तांबरणार. आणि जूननंतर त्याचा काही उपयोग नाही, तेव्हाच तर लाकडाला कोरडी हवा लागते.

भुसाप्रेमी, मी एसीच्या कामात बरीच वर्षं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टन म्हणजे खोलीतली उष्णता किती वेगानं बाहेर काढायची ते. १ टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. आता तुमच्या मशिनी बघा. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, २ एचपीचा सॉ पूर्ण लोडवर चालला तर दीड किलोवॅट, आणि ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच खोलीत राहते. डस्ट कलेक्टरची मोटर आत असेल तर तिचे अजून दीड. म्हणजे दोन्ही जोरात चालू असताना जवळपास एक टन नुसतं मशिनींनाच लागलं, वर पत्रा आणि शटर वेगळं. पण सॉ काही तासभर सलग चालत नाही, फळी कापली की बंद. म्हणून वरचा पत्रा नीट केला तर दीड टन इन्व्हर्टर पुरेल असं माझं मत. पत्रा उघडाच ठेवून दोन टन घेतला तर तो सुद्धा मे महिन्यात दुपारी धापा टाकेल आणि तुम्ही बिल भरत बसाल.

स्वतः बसवण्याबद्दल. अमेरिकेत गॅस भरलेल्या पाईपांचे किट मिळतात ते खरं आहे, तिथं खास तसे एसी विकतात. आपल्याकडं दुकानात जो स्प्लिट मिळतो त्यात गॅस आउटडोअरमध्ये भरलेला असतो आणि तांब्याच्या नळ्या कोऱ्या. नळी कापायची, आतली बर म्हणजे कापताना राहिलेली धार काढायची (तोंड खाली धरून, नाहीतर कीस आत पडतो), फ्लेअर म्हणजे नळीचं तोंड फाकवून रुंद करायचं, नट आवळायचा, मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि दमटपणा काढायचा आणि मगच व्हॉल्व्ह उघडायचे. ब्रॅकेट लावणं, भिंतीला भोक पाडणं, लाइन ओढणं हे तुम्ही खुशाल करा. पण फ्लेअर आणि व्हॅक्यूम एसीच्या फिटरकडून करून घ्या, वॉरंटीचा पण प्रश्न असतो.

आणि माणूस आला तरी समोर उभे राहा. सीझनमध्ये एकेका फिटरला दिवसात इतकी कामं असतात की पंप गाडीतच राहतो. मग तो काय करतो, एक नट ढिला ठेवतो, आउटडोअरचा थोडा गॅस सोडून त्याच्या जोरावर हवा बाहेर ढकलतो आणि नट आवळतो. फुस्स असा आवाज येतो, संपलं. एसी त्या दिवशी गार करतोच, म्हणून कुणाला कळत नाही. पण आत राहिलेली ओल कॉम्प्रेसरच्या तेलात जाते आणि मोजून भरलेला गॅस कमी होतो. शिवाय आता बहुतेक एसीत आर-३२ असतो, तो थोडा का होईना पेट घेणारा गॅस आहे, खोलीत विडी-काडी-ग्राइंडर चालू असताना असलं करायचं नसतं. पंप किमान वीस मिनिटं चालू दे म्हणायचं, मग बंद करून गेजचा काटा बघायचा. काटा परत वर सरकायला लागला तर कुठंतरी लीक आहे. नंतर गॅस सोडला की चारही जॉइंटवर साबणाचा फेस लावून बघायचं. कोण नाराज झालं तर होऊ दे.

लाइट: एसीला डीबीपासून (एमसीबीचा मुख्य बॉक्स) स्वतंत्र लाइन, ४ स्क्वेअर मिमीची तांब्याची वायर, २० अँपिअरचा सी-टाइप एमसीबी. सॉ त्याच लाइनवर नको. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, व्होल्टेज क्षणभर पडतं, आणि इन्व्हर्टर एसीचा पीसीबी (आतला सर्किट बोर्ड) ही महागातली वस्तू आहे. अर्थिंग आधी तपासून घ्या. वीजबिलावर मंजूर भार लिहिलेला असतो तो पण बघा, एसी आणि सॉ मिळून त्याच्या वर जात असेल तर महावितरणला अर्ज करून वाढवून घ्या.

अजिंक्यतारा_खाली

मी साताऱ्याचा, माझं पण पत्र्याचंच शेड आहे, लाकडाचंच काम. वरच्या दादांनी पत्र्याचं एका वाक्यात उरकलं पण खरी मेख तिथंच आहे. त्या अमेरिकेतल्या व्हिडिओत नीट बघ, त्यांच्या गॅरेजच्या भिंतीत आणि छतात आधीच लोकर भरलेली असते, वर जिप्समचा बोर्ड. आपल्याकडं एक मिलिमीटरसुद्धा जाड नाही असा पत्रा आणि त्याच्या खाली डोकं.

मी असं केलं: पत्र्याच्या वर पांढरा उन्हाचा कोट मारला, खाली अँगलला चॅनल लावून सिमेंट बोर्डाचं फॉल्स सीलिंग केलं आणि बोर्डावर रॉकवूल (दगडाची लोकर) अंथरलं. पत्रा आणि रॉकवूलच्या मध्ये वीतभर पोकळी, तिला दोन्ही टोकांना जाळी, म्हणजे तापलेली हवा निघून जाते. थर्माकोल स्वस्त पडतं म्हणून बरेच लोक लावतात, पण जिथं ग्राइंडरची ठिणगी आणि भुसा दोन्ही आहे तिथं मी तरी नाही लावणार. कुणी उसाचं पाचट टाक म्हणतं वर, ते गोठ्याला ठीक.

एवढं केल्यावर मला एसीच लागला नाही, पंख्यावर भागतं. तेव्हा आधी छत करून एक उन्हाळा काढ, मग ठरव असं म्हणेन.

शटर हा दुसरा चोर. पट्ट्यांच्या फटीतनं, बाजूच्या गाळ्यातनं, खालनं, सगळीकडनं हवा येते. खाली रबराची पट्टी, बाजूला ब्रश आणि आतनं जाड पीव्हीसीच्या पारदर्शक पट्ट्यांचा पडदा लाव, कोल्ड स्टोरेजच्या दाराला असतो तसला. पश्चिमेचं आहे तर बाहेरनं हिरवी शेडनेट ताणून दे, शटर तापायच्या आधीच ऊन अडतं.

भुसाप्रेमी_सांगली

दादा सातारा वेगळं आणि सांगली वेगळं, तुमच्याकडं संध्याकाळी डोंगरावरनं वारं तरी येतं, आमच्याकडं मे मध्ये रात्री नऊला पण भिंत गरम लागते. एसी घेणार हे नक्की, पण छत आधी करतो, पटलं.

भुशाचं कुणी बोललं नाही? आणि पावसाळ्यात चालवायचा का?

अजिंक्यतारा_खाली

भुशाचं बोलतो की. आमच्या ओळखीत एकाच्या फर्निचरच्या कारखान्यात एसी होता, तो सर्व्हिसला उघडला तेव्हा मी तिथं होतो. पुढची जाळी स्वच्छ, कारण ती तो दर आठवड्याला धूत होता. पण मागं ब्लोअरच्या पात्यांमध्ये राखाडी मऊ थर बसलेला आणि खालच्या ट्रेमध्ये भुसा न् पाणी मिळून लगदा, बोट घातलं तर पहिल्या पेरापर्यंत आत. ड्रेन बंद, म्हणून पाणी भिंतीवरनं वघळत होतं. जाळी जाड भुसा अडवते, सँडिंगची पिठासारखी धूळ आरपार जाते आणि ओल्या कॉइलला चिकटते. जाळीवर कापड किंवा जाड फिल्टर लावायची आयडिया येईल डोक्यात, ती नको. हवा कमी झाली की कॉइलवर बर्फ धरतो. त्यापेक्षा खोलीतली धूळ गाळणारा वेगळा फिल्टर-पंखा छताला टांग आणि सँडिंग झाल्यावर अर्धा तास चालू ठेव. इनडोअर सॉच्या डोक्यावर नको, मागच्या कोपऱ्यात, पण वारं शटरकडं तोंड करून नको.

आता तुझ्या कलेक्टरचं. तो बाहेर हवा सोडतो म्हणालास ना? तुझी खोली १० × १८ × ९ म्हणजे १६२० घनफूट. २ एचपीच्या कलेक्टरवर साधारण हजार-बाराशे सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) लिहिलेलं असतं. म्हणजे दोन मिनिटं नाही झाली तोवर तू गार केलेली सगळी हवा मागच्या गल्लीत, आणि तेवढीच तापलेली हवा शटरच्या फटीतनं आत. पैसे देऊन गल्ली गार करायची. कलेक्टरला चांगला बारीक फिल्टर लावून हवा आतच फिरव. नाहीतर सगळी कापाकापी एकदम उरकून घे, कलेक्टर बंद कर आणि मग एसी लावून जोडकाम, रंधा, छिन्नी. मी असतो तर यातला दुसरा उपाय केला असता, कारण बारीक फिल्टर महाग येतो आणि सारखा झाडावा लागतो.

मिरज_जंक्शन

हे कलेक्टरचं भारी सांगितलंत, माझ्या डोक्यात नव्हतं आलं.

पावसाळ्यात जरूर चालवा, ड्राय मोडवर. आमच्या मिरजेत सतार-तंबोरे करणारे लोक आहेत, भोपळा आणि लाकूड दोन्ही पावसाळ्यात किती छळतात ते त्यांना विचारा. फक्त १८-२० वर लावू नका. लेथ गार पडला आणि जुलैत शटर उघडून बाहेरची दमट हवा आत आली की बीडावर पाण्याचे थेंब धरतात, मग गंज. २६ ठेवा आणि पंखा लावा. २०२० पासून एसी सुरू केला की आपोआप २४ वर येतो तो सरकारचा नियम आहे, त्याच्या खाली जायची वर्कशॉपला गरज नाही.

अजून एक, पॉलिश किंवा थिनरचं काम करताना एसी बंद आणि शटर उघडं. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत घेत नाही, आतलीच फिरवतो. बंद खोलीत लॅकर मारून एसीत बसाल तर डोकं धरेल, आणि वाफ साठलेली असताना मोटरची एक ठिणगी बास.

गावभागवाला

आउटडोअरचं मी सांगतो. तुम्ही विश्रामबागला म्हणजे उंचावर, पण हा धागा शामरावनगर, दत्तनगर, कर्नाळ रोडवाले पण वाचतील म्हणून लिहितोय. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ च्या ऑगस्टला पाणी ५७ च्या वर गेलं होतं. आमच्या गल्लीत जमिनीलगत स्टँडवर ठेवलेले आउटडोअर चिखलानं भरून गेले. २०२१ ला परत तेच. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते ना, त्याच्या वरच ब्रॅकेट मारायचं, आणि एसीचा एमसीबी, सॉकेट पण त्याच्या वर. पाईप चार फूट जास्त लागली तर लागू दे.

मिरज_जंक्शन

बरोबर. बॉक्समध्ये साधारण ३ मीटर पाईप येते, जास्तीचे पैसे फुटावर लागतात, आधीच मोजून विचारा. भुसाप्रेमी, तुम्ही मागच्या भिंतीला लावा, पश्चिमेला नको. पत्र्याला किंवा पत्र्याच्या अँगलला आउटडोअर टांगायचा विचार पण नको, सगळं शेड घुमतं. विटांच्या भिंतीला, खाली रबर पॅड, आणि कलेक्टरचं तोंड जिथं उघडतं तिथनं लांब, नाहीतर सगळा भुसा कंडेन्सरच्या जाळीत. शेजाऱ्यांच्या खिडकीसमोर गरम हवा सोडू नका, ती भांडणं सगळ्यात वाईट. भिंतीचं भोक आतनं बाहेर थोडं उतरतं पाडा, म्हणजे ड्रेनचं पाणी आपसूक बाहेर जाईल.

भुसाप्रेमी_सांगली

मागच्या भिंतीला कलेक्टरचाच पाईप आहे, तो आता दुसरीकडं हलवतो आणि कापाकापी आधी, एसी नंतर असंच ठेवतो. त्याच भोकातनं एसीची पाईप नेता येईल का, ६ इंची आहे?

मिरज_जंक्शन

येईल, पण ६ इंच फार मोठं, उंदीर-पाली येतील. इनडोअरच्या उंचीला पण बसणार नाही ते. सिमेंटनं बुजवा आणि कोअर कटिंगवाल्याकडनं ३ इंची नवं पाडून घ्या. पण फॉल्स सीलिंग झाल्यावर पाडा, नाहीतर उंची चुकते. आणि फिटरला मे मध्ये नका बोलवू, पाऊस सुरू झाला की ते निवांत असतात, पंप पण घेऊन येतात.