मदत हवी आहे: हिट (HIIT) व्यायाम क्लासची फी वसूल होते का?

कोथरूडला घराजवळ हिट क्लास सुरू झालाय, म्हणजे थोडा वेळ जोरात व्यायाम, मग थोडी विश्रांती, असं आलटून पालटून. 45 मिनिटं, वीसेक जणांची बॅच, तीन महिन्यांचे 12,000 एकदम भरायचे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 75 मिनिटं दमवणारा किंवा 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे भरभर चालणंही आलं, आणि ते वेताळ टेकडीवर फुकट होतं. पण एकटीनं माझं सातत्य टिकत नाही. बॅचमध्ये टिकेल असं मनापासून वाटतं.

खरी काळजी गुडघ्यांची. वय 46, आईला संधिवात आहे. एवढ्या गर्दीत ट्रेनर उड्यांऐवजी सोपा पर्याय देतात का? पोश्चर चुकलं तर लक्ष देतात का? मधेच सोडलं तर पैसे परत मिळतात? चाळिशीनंतर ज्यांनी असा क्लास केलाय, त्यांनी कृपया सांगा. शनिवारपर्यंत फी भरायची आहे.