एच-निर्देशांक (‘न’ लेखांना प्रत्येकी किमान ‘न’ उद्धरणं, म्हणजे इतर लेखांतले संदर्भ, असतील तर तो सर्वांत मोठा ‘न’): गूगल स्कॉलर या लेखशोधकावर १४, इन्स्पायर या कण-भौतिकीच्या लेखसूचीवर ११. कुठला धरायचा?

प्रश्न: उमेदवार सैद्धांतिक कण-भौतिकीचा आहे. निवड समितीला कुठला आकडा द्यावा?

उत्तर १: इन्स्पायरचा, आणि सोबत पाहिल्याची तारीख. स्कॉलर प्रबंधांतली उद्धरणंही धरतो. शिवाय नामसाधर्म्यामुळे भलत्याचेच लेख प्रोफाइलला चिकटतात. आधी ऑर्किड (ORCID) या संशोधकाच्या ओळख-क्रमांकावरून यादी पडताळा. मग लेख उद्धरणांच्या उतरत्या क्रमाने लावा. २५, १२, ७, ४, ३ असतील तर निर्देशांक ४, कारण पाचव्या लेखाला ५ उद्धरणं नाहीत.

उत्तर २: सहलेखक किती, हे न सांगता नुसता आकडा कृपया देऊ नका. हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या अ‍ॅटलस-सीएमएस या दोन प्रयोगगटांच्या २०१५ च्या संयुक्त लेखाला ५,००० हून जास्त लेखक आहेत! दोघातिघांत गणित करणाऱ्याला त्याच तराजूत तोलणं सरळ अन्याय आहे. प्रत्येक लेखाची उद्धरणं लेखकसंख्येने भागून दुसरा रकाना करा.

प्रश्नकर्ता: स्वतःच स्वतःची दिलेली उद्धरणं?

उत्तर १: इन्स्पायरवर ती वगळायची सोय आहे, दोन्ही आकडे द्या. आणि ‘पहिला लेखक’ हा रकाना काढून टाका. या शाखेत नावं बहुधा आडनावाच्या वर्णक्रमानेच छापतात.