मदत हवी आहे: पद्मिनी चालू होत नाही, रविवारी जोतिबाला जायचंय

मंगळवारपेठ_७:
पप्पांची प्रीमियर पद्मिनी, १९७९ ची. गुरुवारपासून चालूच होईना. सेल्फ जोरात फिरतोय, पण इंजिन पकडत नाही. बॅटरी चार्ज करून आणली, टाकीत पेट्रोल आहे, सगळं बघून झालंय. रविवारी पप्पांना ७५ पूर्ण होतात आणि त्यांना याच गाडीतून जोतिबाला न्यायचं ठरलंय. दुसरी गाडी दारात आहे, पण तिच्यात बसायला ते तयार नाहीत. नेमकं काय करायचं ते सांगा, मधे दोनच दिवस आहेत.

जुनाछंद:
सगळं म्हणजे काय काय बघितलं? प्लगला करंट येतोय का? सेल्फ मारून प्लग काढला तर ओला निघतो का कोरडा? आणि गुरुवारच्या आधी गाडीला कुणी हात लावला होता का?

शिरोलीनाका:
कार्बोरेटर खोला. आमची पद्मिनी दर पावसाळ्यात अशीच रुसायची, जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, कचरा अडकायचा. पेट्रोलनं धुवून हवा मारली की पहिल्या सेल्फला चालू. दुसरं काही बघत बसू नका.

कागलकर:
कार्बोरेटर नाही, पेट्रोलच बघा. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतंय. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या गाड्यांचं रबर त्याला टिकत नाही. इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या एसी पंपाचा पडदा फाटला असणार. टाकी रिकामी करा, पाइप बदला, पडदा बदला.

शिरोलीनाका:
कागलकर, प्रत्येक धाग्यावर तुमचं इथेनॉलच असतं. माझ्या गाडीत तेच पेट्रोल आहे, रोज चालतीया.

कागलकर:
तुम्ही पाइप कधी बदलले ते सांगा आधी. माझा पाइप मऊ पडून शिरोली एमआयडीसीच्या रस्त्यावर पेट्रोल गळायला लागलं होतं, गरम इंजिनाच्या शेजारी. आग लागली असती. म्हणून सांगतोय, आणि सांगत राहणार.

ताराराणी_चौक:
गाडीचे कागद व्यवस्थित आहेत ना? २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले आहेत, व्हीए अक्षरांची पाटी मिळते.

जुनाछंद:
ताई, ते ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना. १९७९ ची गाडी अजून त्यात बसत नाही. धागाकर्ते, माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या की.

मंगळवारपेठ_७:
प्लग ओले आहेत, पेट्रोलचा वास मारतोय. करंट कसा बघायचा ते माहीत नाही. आणि हात लावायचं म्हणाल तर बुधवारी रात्री ओळखीच्या मेकॅनिकनं घरी येऊन पॉइंट आणि कंडेन्सर नवीन टाकले, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगीचे भाग. चढाला मिसिंग करत होती म्हणून. बॅटरी उतरली होती, त्यामुळे तेव्हा चालू करून बघितली नाही. तो म्हणाला, बॅटरी चार्ज करा, चालू होईल. ते काम नुकतंच झालंय म्हणून लिहिलं नव्हतं.

जुनाछंद:
हेच पहिल्या ओळीत यायला पाहिजे होतं! प्लग ओले म्हणजे पेट्रोल पोचतंय. कार्बोरेटर, पंप, टाकी सगळं जागेवर राहू दे. पॉइंट टाकल्यानंतर गाडी एकदाही चालू झालेली नाही, म्हणजे घोळ तिथंच.

उद्यमनगर४:
मी म्हणतो पॉइंटच काढून टाका, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा. माझ्या गाडीला बसवल्यापासून डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलेलं नाही.

जुनाछंद:
आणि ते रस्त्यात गेलं तर? पॉइंट काचपेपरनं घासून घरी येता येतं.

उद्यमनगर४:
टोचन लावून आणायची. पण तशी वेळच येत नाही, मर्दा.

शाहूपुरी_गल्ली:
गाड्यांचा विषय निघालाय म्हणून सांगतो, दसऱ्याला दसरा चौकात कोल्हापूरच्या छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी बघायला मी लहानपणापासून जातोय. त्या गाडीपुढं बाकी सगळ्या फिक्या.

जुनाछंद:
मंगळवारपेठ, १२ व्होल्टचा पार्किंगचा बल्ब घ्या, दोन तारा जोडा. कॉइल म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा डबा, त्याच्या ज्या बारीक टर्मिनलवरून तार डिस्ट्रिब्युटरला जाते तिथं एक तार, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला. किल्ली ऑन करून सेल्फ मारा. बल्ब लुकलुकला तर पॉइंट काम करतायत. पेटूनच राहिला तर पॉइंट टेकत नाहीत. अजिबात पेटला नाही, तर डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी तार कॉइलवरून काढा आणि बल्ब परत लावा. आता पेटला, तर डिस्ट्रिब्युटरच्या आत लोखंडाला टेकतंय. तरीही नाही पेटला, तर कॉइलला सप्लायच नाही किंवा कॉइल गेली. गाडी न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक ओढा.

मंगळवारपेठ_७:
केलं. तार जोडलेली असताना पेटत नाही. काढली की लख्ख पेटतोय.

जुनाछंद:
झालं तर. पॉइंटची तार आणि कंडेन्सरची तार ज्या बोल्टला येतात, तो बोल्ट डिस्ट्रिब्युटरच्या अंगाला लागता कामा नये. मधे फायबरचे वॉशर असतात. एखादा राहिला किंवा तारेचं टोक बाजूला टेकलं, तर पॉइंट उघडले तरी कॉइलचा करंट तुटत नाही, आणि तो तुटल्याशिवाय ठिणगी पडत नाही. झाकण काढा, आतला फिरणारा रोटर काढा, टॉर्च घेऊन बघा. कंडेन्सरसुद्धा आतून शॉर्ट असू शकतो. आधी त्याची तार सोडून बघा, सोपं आहे.

मंगळवारपेठ_७:
कंडेन्सर सोडला, फरक नाही. बोल्ट बघितला तर आतल्या बाजूला वॉशर आहे, बाहेरच्या बाजूला नाहीच. नट सरळ बॉडीला टेकलाय. जुना वॉशर अंगणात पडलेला सापडला, दोन तुकडे झालेत. आता रात्री कुठं मिळणार?

उद्यमनगर४:
जाड प्लास्टिक किंवा एक्स-रेची फिल्म गोल कापून घाला. उद्या उद्यमनगरात खरा वॉशर घ्या, पण प्लास्टिकवर जोतिबाला जाऊ नका, उष्णतेनं मऊ पडतं.

मंगळवारपेठ_७:
एक्स-रेची फिल्म दुहेरी करून घातली. ओले प्लग पुसून वाळवले. तिसऱ्या सेल्फला चालू झाली! पप्पा झोपले होते, आवाज ऐकून उठून आले, आता पुढच्या सीटवर बसलेत आणि बंद करू देत नाहीत. जुनाछंद, तुमचे उपकार आहेत. पॉइंटमधलं अंतर बघायचं राहिलंय, उद्या वॉशर टाकताना फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पट्ट्या, घेऊन बघतो.

कागलकर:
अभिनंदन. पेट्रोलचे पाइप तेवढे बघून घ्या जायच्या आधी.

जुनाछंद:
कागलकरांचं ऐका, पाइप बोटानं दाबून बघा. आणि बुधवारी काढलेले जुने पॉइंट आणि कंडेन्सर टाकून दिले नसतील तर डिकीत ठेवा. नवा कंडेन्सर घाटात गेला, तर जुनाच वर नेईल.