प्रतिसाद: सगळे धातू सारखे वागत नाहीत

वरच्या चर्चेत 'हिडकलच्या धरणातला मासा जितका मोठा, तितके त्यात सगळेच जड धातू जास्त' असं सरसकट लिहिलंय. पाऱ्याच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे, बाकीच्यांना लागू करू नका.

धरणाच्या तळाच्या गाळात प्राणवायू नसतो. तिथले जिवाणू साध्या पाऱ्याचं मिथिल-पाऱ्यात रूपांतर करतात. तो शेवाळात शिरतो, शेवाळ खाणाऱ्या बारीक जिवांत जातो, मग लहान माशांत आणि शेवटी मरळीसारख्या शिकारी माशात. शरीरातून तो फार हळू बाहेर पडतो, म्हणून प्रत्येक पायरीला साठा वाढतो. तो प्रथिनांना चिकटतो, चरबीला नाही. त्यामुळे कातडी-चरबी काढून रस्सा केला तरी फरक पडत नाही. (आमच्याकडे हा उपाय छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ आहेत!)

शिसं आणि कॅडमियम मात्र सहसा असे वर चढत जात नाहीत. शिसं हाडांत अडकतं, कॅडमियम यकृत-मूत्रपिंडात. म्हणून इथे लहानमोठ्यापेक्षा कोणता भाग खाता ते बघा. घटप्रभेचा असो की मार्कंडेयचा, खेकड्याच्या कवचाखालचा तपकिरी मऊ भाग म्हणजे त्याचं यकृतच. नदीवर कारखान्याचं पाणी येत असेल तर तो टाकून द्यावा, नांग्या खाव्यात.

मिथिल-पाऱ्याची मान्य मर्यादा आठवड्याला दर किलो वजनामागे 1.6 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे साठ किलोच्या माणसाला 96. गरोदर बाईसाठी मरळीपेक्षा रोहू बरा, तो शिकारी नाही.