एका दिवसात लोणार आणि सिंदखेडराजा: क्रम कसा लावावा?

प्रश्न (विचारणार: गोदाकाठ)

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जालन्याला मुक्काम आहे. मध्ये एक दिवस मोकळा आहे, गाडी स्वतःची. लोणार सरोवर आणि सिंदखेडराजा एकाच दिवसात नीट बघून होतील का? पाच जण आहोत. त्यात ७० वर्षांच्या सासूबाई (गुडघे दुखतात) आणि ९ व १२ वर्षांची मुलं. नुसतं काठावरून फोटो काढून परतायचं नाही, खाली उतरायचं आहे. आधी काय आणि नंतर काय? वेळ उरल्यास मेहकरचा बालाजीही करावा म्हणतो.

---

बेसाल्ट:

होतील, पण आधी लोणार आणि मग सिंदखेडराजा, याच क्रमाने. सिंदखेडराजा वाटेत आधी लागतं म्हणून बहुतेक जण तिथेच सकाळ घालवतात आणि लोणारला बारा वाजता पोचतात. हे उलटं करावं लागतं. विवर म्हणजे काळ्या दगडाची कढई आहे. काठाजवळ वारा असतो, तळाशी तो लागत नाही, आणि अकरानंतर थंडीच्या दिवसांतही चढ घाम काढतो. तेव्हा थंड सकाळ विवराला द्या आणि दुपार सिंदखेडराजाच्या वाड्याच्या नि बारवांच्या (पायऱ्यांच्या विहिरींच्या) सावलीला.

जालन्याहून साडेपाचला निघा. सिंदखेडराजा, दुसरबीड, बिबी आणि सुलतानपूर या जुन्या नागपूर रस्त्याने जायचं, सुलतानपूरला उजवीकडे वळलं की लोणार. एकूण ८५ ते ९० किलोमीटर, दोन तास धरा. एवढ्याशा अंतरासाठी समृद्धी महामार्गावर चढण्यात अर्थ नाही. बरोबर कुणी दुचाकीवर असेल तर समृद्धीवर दुचाकीला मनाईच आहे.

आठला उतरायला सुरुवात करून अकराच्या आत वर या. विवराची खोली सुमारे १३७ मीटर, म्हणजे पंचेचाळीस मजले उतरून पुन्हा चढण्यासारखं. उतरायला अर्धा-पाऊण तास, चढायला तास. मुलांना जमतं. माणशी दीड लिटर पाणी हवं. खालच्या झऱ्याच्या भरवशावर राहू नका.

सासूबाईंना खाली नेऊ नका. दगडी पायऱ्या झिजलेल्या आहेत, पुढे पायवाटेवर सुटी खडी आहे, आणि गुडघ्यांना चढापेक्षा उतारच जास्त लागतो. त्यांच्यासाठी गोमुख, म्हणजेच धार, बघा. तिथेही थोड्या पायऱ्या आहेत, पण काठाला लागूनच आहे. कुंडाच्या वरून बारमाही धार पडते आणि बसायला सावली आहे. तुम्ही वर येईपर्यंत बरोबर एक मोठं माणूस थांबू द्या.

मेहकर सोडून द्या. बालाजीची मूर्ती बघण्यासारखी आहेच, पण ती तिसरी जागा झाली की पहिल्या दोन्ही अर्धवट राहतात.

---

चक्रवाक:

क्रमाबद्दल पूर्ण सहमत. खाली काय बघायचं ते थोडं लिहितो, कारण माहिती नसली तर ते नुसतं हिरवट पाणी आणि वेड्या बाभळी वाटतात.

विवराचा व्यास साधारण १.८ किलोमीटर, तळ्याचा १.२. बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडात, उल्कापाताने झालेलं आणि इतकं नीट टिकलेलं विवर जगात दुर्मीळ आहे. वय विचाराल तर दोन आकडे ऐकू येतील: एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं, आर्गॉनच्या (दगडात साठलेला आर्गॉन वायू मोजण्याच्या) पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. दोन्ही शास्त्रज्ञांनीच काढलेले आहेत. मुलांना दोन्ही सांगा आणि फरक का पडतो त्यावर बोलू द्या. काठावर उभं राहून दगडाचे थर बघा. बाहेर सपाट शेतांखाली आडवे पडलेले तेच थर इथे उचलून बाहेरच्या बाजूला झुकवलेले दिसतात. आघाताची खूण डोळ्यांनी दिसते ती ही.

पाणी आत येतं झऱ्यांतून आणि पावसातून. बाहेर जायला वाट नाही, फक्त बाष्पीभवन. त्यामुळे क्षार साठत गेले आणि पाणी खारट तर झालंच, शिवाय अल्कधर्मीही झालं. सामू (pH) १० च्या आसपास असतो, शुद्ध पाण्याचा ७. 'लोण' म्हणजे मीठ, गावाचं नाव त्यावरून आलं असं मानतात. पूर्वी इथला क्षार काढून विकायचे आणि दल्ला, खप्पल, पापडी अशी त्याच्या प्रतींना वेगवेगळी नावं होती. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेही याच कारणाने: पातळी खाली गेली, क्षार दाटले, आणि त्यात तगणाऱ्या सूक्ष्मजीवांचं गुलाबी रंगद्रव्य पसरलं. डिसेंबरात गुलाबी दिसण्याची अपेक्षा ठेवू नका. एरवीचा हिरवा रंग शेवाळी सूक्ष्मजीवांचा.

तळ्याच्या काठाला एक उग्र, कुजकट वास येतो. तो घाणीचा नव्हे, गाळात प्राणवायूशिवाय चालणाऱ्या कुजण्यातून निघणाऱ्या वायूचा.

पक्ष्यांसाठी डिसेंबर उत्तम. चक्रवाक जोडीने दिसतात, शेकाटे आणि टिबुकल्या आहेतच. बाभळीत मोर, झाडांवर वानरं. वानरांसमोर पिशवी उघडू नका. २००० सालापासून हे अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), म्हणून दगड, माती, पीस काहीही उचलायचं नाही. 'उल्केचा तुकडा' म्हणून कुणी काही विकायला आणलं तर घेऊ नका. आदळलेल्या उल्केचा मोठा तुकडा इथे मिळालेला नाही.

---

गोदाकाठ:

फार उपयोगी. खाली कमळजा मंदिरापर्यंत जाता येतं ना? आणि तळ्याच्या काठाने पूर्ण फेरी मारता येते का?

---

चक्रवाक:

कमळजा देवीचं देऊळ अगदी पाण्याजवळ आहे. पातळी वाढलेली असेल तर तिथली वाट पाण्याखाली जाते किंवा दलदल होते, म्हणून उतरण्यापूर्वी वनखात्याच्या माणसांना विचारूनच जा. वाट बंद असेल तर रामगयेच्या देवळापर्यंत जाऊन परत फिरा, तेवढंही पुरेसं आहे.

पूर्ण फेरी मुलांना घेऊन नको. कागदावर ती चार किलोमीटरची दिसते, पण काठाचा गाळ फसवा आहे. वरून पांढरी कोरडी खपली आणि खाली मऊ चिखल. पाय घोट्यापर्यंत जातो आणि बूट निघून येतो. पांढरं दिसेल तिथे पाय टाकायचा नाही, गवत किंवा दगड असेल तिथूनच चालायचं. आणि बंद बूटच घाला. वेड्या बाभळीचा काटा चपलेच्या तळव्यातून आरपार येतो.

---

जोतं:

विवरावर सगळे लिहितात, गावातलं दैत्यसूदन मंदिर राहून जातं. वर आलात की तिथे एक तास द्या. सासूबाईंनाही सोयीचं, सपाटीवर आहे. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं हे देऊळ, तारकाकृती पायावर उभं. बाहेरून प्रदक्षिणा घालताना भिंत सतत कोन बदलत जाते आणि प्रत्येक कोनावर एक वेगळी मूर्ती समोर येते. आत फार अंधार असतो. मोबाइलचा दिवा कमी पडतो, चांगला टॉर्च घ्या आणि तो सरळ न मारता बाजूने तिरका मारा. सरळ प्रकाशात छतावरचं कोरीव काम सपाट दिसतं, तिरक्या प्रकाशात प्रत्येक आकृतीची सावली पडते आणि मग छतावर कोरलेली कथा वाचता येते.

एक विनंती. सगळ्यालाच 'हेमाडपंती' म्हणू नका. हेमाद्री तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री. चुना न वापरता दगडावर दगड बसवण्याची रीत त्याच्या आधीपासून आहे. मुलांना सांध्यात नख घालून बघायला सांगा, जात नाही.

सिंदखेडराजाला दुपारी सव्वादोनपर्यंत पोचलात तर पाचपर्यंत पुढील क्रम बसतो.

राजवाडा, पाऊण तास. लखुजी जाधवांचा वाडा, जिजाऊंचं जन्मस्थान, १२ जानेवारी १५९८. महाद्वारातून लगेच आत धावू नका, बाहेरून त्याची उंची आणि दगडाचं काम बघा.

लखुजींची समाधी, अर्धा तास. २५ जुलै १६२९ रोजी निजामशाहीच्या दरबारात, दौलताबादला, लखुजी, त्यांचे मुलगे अचलोजी आणि राघोजी आणि नातू यशवंतराव यांना एकाच दिवशी मारलं गेलं. शिवरायांच्या जन्माच्या सात महिने आधीची ही गोष्ट. हे माहीत असेल तर त्या इमारतीत उभं राहणं वेगळं होतं. मुलांना आत जाण्याआधी सांगा, आत गेल्यावर नको.

नीलकंठेश्वर आणि समोरची बारव, वीस मिनिटं. पुतळा बारव, वीस मिनिटं, मूर्ती बघत सावकाश उतरा. बारवांना कठडे नाहीत आणि शेवाळलेल्या पायऱ्यांवरून पाय घसरतो. मुलांचा हात धरा.

शेवटी मोती तलाव, उन्हं उतरताना. बांधावर बुरुजासारखं बांधकाम आहे, त्यातून पाणी सोडायची सोय होती. बहुतेकांना ती नुसती भिंत वाटते. काळाकोट, रंगमहाल आणि चांदणी तलाव वेळ उरला तरच.

---

बेसाल्ट:

जेवणाचं राहिलं. लोणारलाच बारा-साडेबाराला जेवून घ्या. नंतर रस्त्यावर ढाबे आहेत, पण तिथे बसलात की सिंदखेडराजाचा तास जातो. रोख पैसे जवळ ठेवा, देवळांत आणि चौकीवर सुटे लागतात.

तारीख जानेवारीत सरकली तर १२ जानेवारी टाळा. जिजाऊ जयंतीला गावात लोटणारा समुदाय बघण्यासाठी जायचं असेल तर जरूर जा, पण त्या दिवशी वास्तू बघून होणार नाहीत. तसंच नवरात्रात कमळजेची यात्रा असते.

---

खडीसाखर:

मुलांसाठी एक प्रयोग, घरून तयारी करून न्या. एक चमचा हळद पाव वाटी पातळ सॅनिटायझरमध्ये ढवळून दहा मिनिटं ठेवा, फडक्याने गाळा. टिपकागद त्यात बुडवून सावलीत वाळवा. उन्हात वाळवला तर हळदीचा रंग उडतो. बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून डबीत घाला. नुसत्या पाण्यात हळद नीट विरघळत नाही, पट्टीवर ठिपके पडतात, म्हणून सॅनिटायझर.

गोमुखाच्या पाण्यात पट्टी बुडवली की पिवळीच राहते. तळ्याच्या पाण्यात बुडवा, क्षणात तांबडी होते, कुंकवासारखी. उपमा म्हणून नाही, कुंकू पूर्वी करायचे ते असंच, हळदीला क्षाराची जोड देऊन. तीच पट्टी लिंबाच्या फोडीवर टेकवली की परत पिवळी. अर्ध्या तासाच्या उतारात एकाच विवरातलं गोडं आणि क्षाराचं पाणी मुलांच्या हातात येतं.

साबणाचा अंश हाताला राहिला असेल तर पट्टी आधीच लाल होते आणि मुलं म्हणतात की प्रयोग फसला. नुसत्या पाण्याने हात धुऊन, पुसून मगच पट्टी धरायची. तळ्यात हात घालायचा नाही, बाटलीच्या झाकणात पाणी घ्या. ते पाणी डोळ्यांत गेलं तर झोंबतं, लगेच पिण्याच्या पाण्याने धुवा. आणि वापरलेल्या पट्ट्या डबीतच परत आणा.