जुन्या दुनळीवरचा तपकिरी थर: घासून काढायचा की तसाच ठेवायचा?

माळ्यावरची_पेटी

नमस्कार मंडळी. माळ्यावरच्या पेटीत मेणकापडात गुंडाळलेली एक ठासणीची दुनळी बंदूक सापडली. पणजोबांची आहे, एवढंच आजीकडून ऐकलं होतं. शेवटचा बार कधी काढला, हे सांगणारं आता कोणी उरलेलं नाही.

दोन्ही नळ्या सारख्या गडद तपकिरी आहेत, हाताला गुळगुळीत लागतात. घोड्यांखाली, जिथे बार पेटवणारी छोटी टोपी (कॅप) बसते त्या निपलभोवती मात्र नारिंगी, भुसभुशीत गंज आहे, बोट लावलं की बोटाला येतो. लॉकप्लेटवर (घोड्याची यंत्रणा झाकणाऱ्या बाजूच्या पट्टीवर) पानाफुलांची बारीक नक्षी आहे आणि तिच्या खाचांत काळं काहीतरी भरलंय. दस्ता मळकट आहे, हात जिथे धरतो तिथे जवळजवळ काळा झालाय.

धाकटा भाऊ म्हणतो, बारीक पॉलिश पेपर आणि वायर ब्रश घेऊन बसलो तर दोन दिवसांत आरशासारखी करून देतो. माझा हात धजावत नाही. पण गंज तसाच ठेवला तर तो बंदूक खाऊन टाकेल, अशीही भीती वाटते. विकायची नाही. पणजोबांची वस्तू नीट राहावी एवढंच. काय करू?

लखलखीत

मी भावाच्या बाजूने. शस्त्र स्वच्छ ठेवायचं असतं, त्याला गंज चढू देणं हा त्याचा अपमान आहे. ब्रिटिश पायदळाच्या ‘ब्राउन बेस’ मस्केटच्या नळ्या चकचकीतच असायच्या, शिपाई विटेची पूड लावून त्या घासायचे. अमेरिकेतली १८६१ ची स्प्रिंगफील्ड बंदूकही कारखान्यातून पांढरीशुभ्र लोखंडी बाहेर पडायची. ज्याने ती वापरली त्याने ती चमकती पाहिली होती. मग आपण तपकिरी का पाहायची? माझ्याकडच्या तीनही बंदुका मी घासून घेतल्या आहेत आणि मला त्या बघून समाधान वाटतं.

रंजकदाणी

माळ्यावरची_पेटी, आधी भावाला थांबवा. आणि घासण्याचा विचारही करण्याआधी नळ्या भरलेल्या आहेत का ते पाहा. ठासणीच्या बंदुका भरलेल्या अवस्थेतच ठेवून दिलेल्या पुष्कळदा सापडतात, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनंतरही पेट घेते. निपलवर कॅप नाही, याचा अर्थ आत बार नाही असा होत नाही.

एक लाकडी काठी नळीत अलगद सोडा, जिथे थांबेल तिथे तोंडाशी खूण करा. काढून तीच काठी नळीच्या बाहेरून, खूण तोंडाला लावून धरा. टोक निपलच्या जवळपास यायला हवं. दोन बोटं किंवा जास्त अलीकडे थांबलं तर आत काहीतरी आहे असंच समजा. (काही बंदुकांत मागची कोठडी नळीपेक्षा अरुंद असते, त्यामुळे रिकामी असूनही काठी थोडी आधी थांबते. पण हा फरक ओळखायचं काम तुमचं नाही, बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराचं आहे.) तपासताना नळीच्या तोंडासमोर चेहरा किंवा हात नको, घोडे ओढून सोडायचे नाहीत, उष्णता द्यायची नाही, आणि आतलं काही स्वतः उकरून काढायचं नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. माझ्या हातून जे झालं ते आधी सांगते, म्हणजे मी एवढी अडून का बसले आहे ते कळेल.

माझा संग्रह सुरू झाला तो एका चकमकीच्या पिस्तुलापासून. तेव्हा मी चोविशीत होते. नळी तपकिरी, डागाळलेली. दोन रविवार बसून मी ती पॉलिश पेपरने घासली, आधी जाडा, मग बारीक, शेवटी तेल लावून. छान चमकली. काही महिन्यांनी एका ज्येष्ठ संग्राहकांना मोठ्या हौसेने दाखवली. त्यांनी नळीची डावी बाजू उजेडाकडे वळवली, बराच वेळ पाहिली आणि काही न बोलता पिस्तूल पुन्हा फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. घरी येऊन भिंगाखाली पाहिलं तेव्हा कळलं. तिथे चाचणीगृहाचे, म्हणजे नळीची मजबुती तपासणाऱ्या संस्थेचे, दोन शिक्के होते. माझ्या घासण्यानंतर दोन्हींतला फक्त मुकुटाचा वरचा भाग उरला होता. लंडनच्या शिक्क्यातही मुकुट, बर्मिंगहॅमच्या शिक्क्यातही मुकुट. ओळख पटते ती त्याखालच्या अक्षरांवरून आणि तिरप्या राजदंडांवरून, आणि तेवढंच मी पुसून टाकलं होतं. बर्मिंगहॅमचं चाचणीगृह १८१३ च्या कायद्याने सुरू झालं, म्हणजे तो शिक्का नुसता वाचता आला असता तरी पिस्तुलाचं गाव आणि काळाची एक सीमा दोन्ही मिळालं असतं. बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. ते पिस्तूल कुठलं, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. तीस वर्षं झाली, ते अजून माझ्याकडे आहे आणि अजून मला त्याचं वाईट वाटतं.

तुमच्या वर्णनात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते ‘सारख्या गडद तपकिरी, गुळगुळीत’. तो रंग बहुतेक साठलेला गंज नाहीच. तो कारागिराने चढवलेला असावा. त्या काळी नळीला आम्लाचं पाणी लावून मुद्दाम बारीक गंज येऊ द्यायचे, तो ब्रशने उतरवायचे, पुन्हा लावायचे. असे कितीतरी हात झाल्यावर तो तपकिरी रंग बसायचा. अशी नळी उन्हात डोळ्यांवर चमकत नसे आणि नवा गंज सहज धरत नसे. तुमच्या भावाला जी घाण वाटते आहे ती त्या बंदुकीवरची शेवटची कारागिरी असू शकते.

आणि दुनळी आहे म्हणून आणखी एक गोष्ट बघा. खिडकीजवळ तिरप्या उजेडात भिंगातून नळी पाहा. तपकिरीत लाटांसारख्या, दोरीच्या पिळासारख्या फिकट-गडद रेषा दिसतात का? दिसल्या तर ती दमास्कस किंवा पिळाची नळी आहे. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र पिळून, तापवून, दांड्याभोवती गुंडाळत ठोकून सांधलेली. लोखंड एका तऱ्हेने गंजतं आणि पोलाद दुसऱ्या, म्हणूनच ती नक्षी दिसते. पॉलिश पेपर फिरला की दोन्ही सारखेच पांढरे होतात आणि पीळ नाहीसा होतो. अशी नळी पुढे कधीही झाडायची मात्र नाही, दिसायला कितीही धडधाकट असली तरी.

लखलखीत, ब्राउन बेस आणि स्प्रिंगफील्डबद्दलचं तुमचं म्हणणं खरं आहे. पण ती बंदूक रोज घासली जात होती तेव्हा तिच्यात खड्डे नव्हते. दीडशे वर्षांच्या गंजाने पडलेल्या खड्ड्यांच्या तळापर्यंत घासत गेलात, तर त्यांच्या आजूबाजूचं सगळं धातूही काढावं लागतं. कडा गोल होतात, अक्षरं उथळ होतात, स्क्रूची डोकी सपाट होतात. जी चमक मिळते ती शिपायाच्या हातची नसते, आपल्या हातची असते. अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनची जुन्या शस्त्रांची प्रतवारी पाहा. ‘एक्सलंट’साठी मूळ फिनिश, म्हणजे पृष्ठभागावरचं मूळ काम, ८० टक्क्यांच्या वर लागतं, ‘फाइन’साठी ३० टक्क्यांच्या वर. पण सगळे भाग मूळचे असतील तर मूळ फिनिश अजिबात न उरलेली बंदूकही ‘व्हेरी गुड’मध्ये बसू शकते.

निपलभोवतीचा नारिंगी गंज मात्र खरा शत्रू आहे, तो काढाच. ओळखायची खूण सोपी: पांढरं सुती फडकं फिरवा. नारिंगी पूड आली तर गंज जिवंत आहे. फडकं कोरं राहिलं तर तो थर स्थिर आहे, त्याला हात लावू नका. जिवंत गंजावर हलकं तेल लावून एक-दोन दिवस मुरू द्या, मग बांबूच्या काडीने किंवा तांब्याच्या पट्टीच्या कडेने हळूहळू खरवडा. तांबं लोखंडापेक्षा मऊ, त्यामुळे गंज निघतो आणि खालचं लोखंड ओरखडत नाही. पुसा, पुन्हा तेल, पुन्हा खरवडा. आठवडा लागला तरी चालेल. गंज विरघळवणारी आम्लं, सोड्याच्या पाण्यातलं विजेचं काम, वायर ब्रश यांतलं काहीच नको. शेवटी तेल पुसून मेणाचा पातळ हात.

घोडा अर्धा चढवून त्याच्या मागची लॉकप्लेट पाहा, अर्थात नळ्या रिकाम्या असल्याची खात्री झाल्यावर. तिथे हात आणि ऊन पोचत नाही. निळसर-तपकिरी ढगांसारखे डाग दिसले तर ते पाणी देताना (तापवून थंड करत कडक करताना) आलेले मूळ रंग आहेत. सगळी लॉकप्लेट एकेकाळी तशी होती.

दमटहवा

रंजकदाणींशी पूर्ण सहमत. मी वस्तुसंग्रहालयात जतनाचं काम केलं आहे, दस्त्याबद्दल थोडं लिहितो.

अळशीचं तेल लावू नका. सगळे सुचवतील. ते हवेत घट्ट होत जातं, काळं पडतं, धूळ धरतं आणि एकदा मुरलं की परत काढता येत नाही. किंचित ओलसर फडक्याने वरवरची धूळ काढा, लगेच कोरडं करा आणि सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात द्या. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं रेनेसान्स वॅक्स याच जातीचं, लाकूड आणि लोखंड दोन्हींना चालतं आणि हवं तेव्हा उतरवता येतं. मुठीजवळचा काळेपणा तसाच राहू द्या. तो पणजोबांच्या तळहाताचा आहे.

कुठे पितळ असेल तर अमोनिया असलेलं पॉलिश टाळा. ताणाखाली असलेल्या पितळेला अमोनियाने चिरा जातात. हे प्रथम लक्षात आलं ते भारतातल्या ब्रिटिश फौजेच्या काडतुसांवर. पावसाळ्यात ती तबेल्यांत ठेवलेली असायची, घोड्यांच्या मुतातला अमोनिया हवेत, आणि काडतुसांची पितळी कवचं आपोआप तडकायची. कारण नीट उलगडलं १९२१ मध्ये.

आणि ते मेणकापड फेकून द्या. बंद गुंडाळीत ओल अडकते. हवेतली आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर राहील अशी जागा बघा. लाकडालाही तेवढी लागते, फार कोरड्यात ठेवलीत तर दस्ता तडकेल. हात लावताना मोजे घाला.

माळ्यावरची_पेटी

सगळ्यांचे आभार. थोडं सविस्तर सांगतो.

काठी उजव्या नळीत निपलपर्यंत गेली. डावीत जवळजवळ चार बोटं अलीकडे थांबली. मी बंदूक तशीच टेबलावर ठेवली आणि जाणकाराला घरी बोलावलं. डाव्या नळीत खरंच बार होता: चिंधीचा बोळा, छर्रे, पुन्हा बोळा आणि खाली दारू. त्यांनी ती काढून दाखवली, काळी आणि कोरडी होती. आम्ही लहानपणी त्या पेटीवर बसून खेळलो आहोत. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही.

नळ्यांत पीळ आहे. भिंगाखाली आधी दिसला नाही, पण वरची धूळ तेलाच्या फडक्याने पुसल्यावर खिडकीशी नेली तेव्हा दिसला, टोकापासून मागेपर्यंत. निपलचा गंज अजून काढतोय, तांब्याच्या पट्टीने, रोज अर्धा तास. हे काम आता भाऊच करतो.

एक प्रश्न राहिला. छर्रे आणि चिंध्या मी एका डबीत ठेवल्या आहेत. एक चिंधी निळ्या काठाची आहे, लुगड्याची असावी. तिला काही करायचं का?

रंजकदाणी

धुऊ नका. दारूचे कण झटकून आम्लरहित कागदात सपाट ठेवा आणि कागदावर लिहून ठेवा: डाव्या नळीतून, आणि तारीख.