धागा: सुका कचरा वेगळा करायला घरच्यांना, शेजाऱ्यांना कसं तयार केलंत?

ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करायचा, हा नियम २०१६ मध्ये आला. तो सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे उपदेश नकोत, प्रत्यक्षात काय चाललं आणि काय फसलं ते लिहा. सुरुवात मीच करते.

कोथरूड, पुणे : आमच्याकडे 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या ताई येतात. २००८ पासून पुण्यात घरोघरचा कचरा उचलणारी ही कचरावेचकांची स्वतःची संस्था. लिफ्टमधल्या सूचना कोणी वाचत नव्हतं, म्हणून सोसायटीच्या मीटिंगला ताईंनाच बोलावलं. त्यांनी एक डबा सगळ्यांसमोर वर्तमानपत्रावर उपडा केला. ही बाटली विकली जाते, हा पुठ्ठा गेला असता, पण आमटीने भिजलाय, आता कोण घेणार? सुक्या मालाच्या विक्रीवर त्यांची कमाई अवलंबून असते, हे निम्म्या लोकांना ठाऊकच नव्हतं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, आम्हाला हाताने उघडून बघावं लागतं." मीटिंगमध्ये कोणी वर बघेना. लाल ठिपके दुसऱ्याच दिवशी सुरू झाले. पुठ्ठ्यांचं मात्र अजून सांगावं लागतं.

नाशिक : दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, चीर द्या आणि तुकडा पिशवीलाच राहू द्या. सुटा तुकडा इतका बारीक असतो की तो कोणी वेचत नाही. आमच्या सासूबाई धुतलेल्या पिशव्या दोरीवर वाळत घालतात आणि भंगारवाल्याशी भावावरून तासभर हुज्जत घालतात. त्यांना पर्यावरणाबद्दल काही सांगावं लागलं नाही.

म्युनिक : इथे एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत. सुपरमार्केटच्या मशीनमध्ये बाटली टाकली की त्या पैशांची पावती मिळते. मुलं बाटल्या परत करायला भांडतात, कारण पावती त्यांची!

एक शंका : आम्ही वेगळं करतो आणि घंटागाडीवाला सगळं एकत्र ओततो. मग कशाला करायचं?

कोथरूड : गाडीवाला वेगळं घेत नाही तोपर्यंत सुकं गाडीत देऊच नका. रद्दी, बाटल्या, पत्रा थेट भंगारवाल्याला द्या. चिप्स-बिस्किटांची चकचकीत वेष्टणं तोही घेत नाही. त्यांचं कोणी काय करतं?